उतारवय आणि एच.आय.व्ही.ची औषधे

एड्स या रोगाविषयी आपल्याकडे १९९० च्या दशकात पुष्कळ बोलले गेले. भिंतींवर घोषणा रंगल्या, शाळा-महाविद्यालयांतून व्याख्याने झाली, चौकाचौकांत पथनाट्ये झाली. त्या वेळी सारा भर रोग होऊ नये यावर होता आणि ते योग्यच होते. कारण रोग झालेल्या माणसाला देण्यासारखे फारसे काही हाती नव्हते. आज परिस्थिती पालटली आहे. एच.आय.व्ही.ची लागण झालेला माणूस नियमित औषध घेऊन वीस-वीस वर्षे जगतो, कामधंदा करतो, मुलामुलींची लग्ने लावतो, नातवंडे खेळवतो. तिशी-चाळिशीत औषध सुरू केलेली ही माणसे आता पन्नाशी-साठी ओलांडीत आहेत. त्यामुळे पूर्वी कोणाच्या ध्यानीमनी नसलेला एक प्रश्न उभा राहिला आहे. वय वाढते तसे शरीर बदलते. मग त्या बदललेल्या शरीरात हीच औषधे कशी वागतात? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आम्ही डॉक्टर नाही. कला शाखेची पदवी घेऊन बँकेच्या काउंटरवर बसणारे सामान्य कर्मचारी आहोत. परंतु परभणीसारख्या जिल्ह्यात बँकेचा काउंटर म्हणजे म्हाताऱ्या माणसांची रोजची वर्दळ. पासबुकाच्या पिशवीतच गोळ्यांची पाकिटे असतात. बी.पी.ची गोळी, शुगरची गोळी, गुडघ्याची गोळी, आणि त्यात कोणाची ती एक गोळी, जिचे नाव कोणी घेत नाही. या विषयावर समाजबांधवांना व विद्यार्थ्यांना सोप्या भाषेत काही सांगितले पाहिजे असे आम्हांस वाटले. वाचकांना एकच विनंती की, हा लेख वाचून कोणीही आपले औषध स्वतःच्या मनाने बदलू नये किंवा बंद करू नये. डॉक्टरांना काय विचारावे हे कळावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

थोडी मागची हकिकत

भारतात एच.आय.व्ही.चा पहिला शोध १९८६ साली चेन्नईत लागला. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी ते काम केले. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना म्हणजे नॅको स्थापन झाली आणि त्याच वर्षी पुण्यात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. या रोगावरचे पहिले औषध झिडोव्हुडिन हे अमेरिकेत १९८७ साली मंजूर झाले होते. पण एकट्या औषधाला विषाणू दाद देईनासा होई. तीन औषधे एकत्र दिली तर विषाणू दबून राहतो, हे १९९६ च्या सुमारास सिद्ध झाले आणि तेथून या रोगाचे चित्रच पालटले.

मात्र ती औषधे गोरगरिबांच्या आवाक्याबाहेरची होती. वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर जात असे. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा एका सेवाभावी वैद्यकीय संस्थेला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरपेक्षाही कमी दरात देऊ केला. साऱ्या जगातील गरीब देशांना त्यामुळे वाट दिसली. आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत ही औषधे मोफत देण्यास प्रारंभ झाला. पहिल्या आठ केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. पुढे जिल्ह्याजिल्ह्यांत एआरटी केंद्रे निघाली. पूर्वी सीडी-फोर नावाच्या संरक्षक पेशी ठराविक आकड्याखाली उतरल्यावरच औषध सुरू करीत. २०१७ पासून निदान होताच औषध देण्याचे धोरण आले. महाराष्ट्रात आज एच.आय.व्ही.सह जगणाऱ्यांची संख्या अंदाजे चार लाख आहे आणि ती देशात सर्वांत जास्त आहे.

ही हकिकत सांगण्याचे कारण असे की, आज जे रुग्ण वयस्क झाले आहेत त्यांनी या साऱ्या टप्प्यांतून प्रवास केलेला आहे. त्यांतील अनेकांना औषध उशिरा, प्रकृती खालावल्यावर मिळाले. अनेकांनी सुरुवातीची वर्षे स्टॅव्हुडिन हे औषध घेतले. त्याने जीव वाचले, पण पायांना मुंग्या येणे, तळव्यांची आग होणे, गालफडे बसणे असे त्रासही मागे ठेवले. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा सल्ला दिला. तेव्हा साठीच्या माणसाच्या शरीरावर आजच्या गोळीचाच नव्हे, तर जुन्या गोळ्यांचा आणि जुन्या आजारपणाचाही ठसा असतो, हे लक्षात घेतले पाहिजे. या रोगाच्या संदर्भात पन्नास वर्षांवरील माणसालाच वयस्क गणतात, ते याच कारणाने.

गोळी शरीरात काय करते?

एच.आय.व्ही.चा विषाणू आपल्या रक्तातील सीडी-फोर पेशींत शिरतो आणि तेथे स्वतःच्या नकला तयार करतो. आज सरकारी केंद्रातून बहुतेक रुग्णांना टी.एल.डी. नावाची एक गोळी दिवसातून एकदा दिली जाते. तीत तीन औषधे असतात. टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डॉल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम. पहिली दोन विषाणूला नक्कल काढू देत नाहीत. तिसरे त्याला आपल्या पेशीच्या गाभ्यातील जनुकांत घुसू देत नाही. विषाणू मरून नाहीसा होत नाही, तो दबून राहतो. म्हणून गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. गोळ्या मध्येमध्ये चुकल्या तर विषाणू पुन्हा डोके वर काढतो आणि त्याच औषधाला न जुमानणारा होऊ शकतो.

वय झाले म्हणून ही गोळी निकामी होत नाही, ही समाधानाची गोष्ट आहे. नियमित घेतली तर सत्तरीतल्या माणसाच्या रक्तातील विषाणूही तितकाच दबतो. फरक एवढाच की, म्हाताऱ्या माणसाच्या सीडी-फोर पेशी तरुणाइतक्या लवकर भरून येत नाहीत. म्हणून न्यूमोनिया, क्षय, नागीण यांसारख्या दुखण्यांची काळजी त्यांना अधिक घ्यावी लागते.

वयाबरोबर काय बदलते?

पोटात गेलेल्या कोणत्याही औषधाला चार टप्पे पार करावे लागतात. ते रक्तात शोषले जाते, शरीरभर पसरते, यकृतात त्याचे रूपांतर होते आणि शेवटी मूत्रावाटे किंवा मलावाटे बाहेर पडते. वयाबरोबर या चारही टप्प्यांत फरक पडतो. जठरातील आम्ल काही जणांत कमी होते. शरीरातील पाणी आणि स्नायू घटतात व चरबीचे प्रमाण वाढते. यकृत थोडे लहान होते आणि त्याला होणारा रक्तपुरवठा कमी होतो. परंतु एच.आय.व्ही.च्या औषधांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा चौथा टप्पा आहे, म्हणजे मूत्रपिंडाचा.

तरुण, निरोगी माणसाची दोन्ही मूत्रपिंडे मिळून दर मिनिटाला सुमारे १२५ मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला बहुतेक पुन्हा रक्तात घेतला जातो आणि एक-दीड लिटर लघवी तयार होते. चाळिशीनंतर ही गाळण्याची शक्ती दर दहा वर्षांनी साधारण आठ-दहा मिलिलिटरने घटत जाते. मधुमेह वा रक्तदाब असेल तर अधिक वेगाने घटते. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही दोन्ही औषधे बहुतांशी मूत्रपिंडातूनच बाहेर पडतात. गाळणी मंद झाली की ती रक्तात जास्त वेळ राहतात. त्यातही टेनोफोव्हिर साचले तर ते मूत्रपिंडालाच इजा करू शकते. मग गाळणी आणखी मंद होते आणि औषध आणखी साचते.

एक छोटासा हिशेब

मूत्रपिंड नीट आहे की नाही हे पाहण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन तपासतात. अहवालात हा आकडा ठरलेल्या मर्यादेत असला की माणूस निश्चिंत होतो. येथेच म्हाताऱ्या माणसाची फसगत होते. क्रिएटिनिन हा स्नायूंतून तयार होणारा पदार्थ आहे. वयाबरोबर स्नायू कमी झाले की तो मुळातच कमी तयार होतो. त्यामुळे मूत्रपिंड थकले तरी आकडा चांगलाच दिसत राहतो.

यासाठी डॉक्टर एक सूत्र वापरतात. १४० मधून वय वजा करावे, त्याला किलोग्रॅममधील वजनाने गुणावे, आणि ७२ गुणिले क्रिएटिनिन यांनी भागावे. स्त्री असेल तर आलेल्या उत्तराला ०.८५ ने गुणावे. उत्तर दर मिनिटाला किती मिलिलिटर गाळले जाते हे अंदाजे सांगते.

समजा, पाथरी तालुक्यातील एका बाईंनी ४५ व्या वर्षी औषध सुरू केले. तेव्हा त्यांचे वजन ५२ किलो आणि क्रिएटिनिन ०.९ होते. १४० वजा ४५ म्हणजे ९५. त्याला ५२ ने गुणले की ४,९४०. ७२ गुणिले ०.९ म्हणजे ६४.८. भागाकार ७६ च्या थोडा वर आणि त्याला ०.८५ ने गुणल्यास उत्तर सुमारे ६५. आता त्याच बाई ६५ वर्षांच्या झाल्या. वजन ४३ किलोवर आले. क्रिएटिनिन पुन्हा ०.९ च आहे. १४० वजा ६५ म्हणजे ७५, गुणिले ४३ म्हणजे ३,२२५, भागिले ६४.८ म्हणजे जवळजवळ ५०, गुणिले ०.८५ म्हणजे सुमारे ४२.

प्रयोगशाळेचा आकडा वीस वर्षांत तसूभरही हलला नाही, पण गाळण्याची शक्ती ६५ वरून ४२ वर आली. हे उत्तर ५० च्या खाली गेले तर टेनोफोव्हिर सहसा टाळावे आणि त्याऐवजी अबॅकॅव्हिरसारखे दुसरे औषध द्यावे, असा संकेत आहे. लॅमिव्हुडिनची मात्राही डॉक्टर पुन्हा पाहतात. म्हणजे या बाईंच्या औषधाचा फेरविचार व्हायला हवा, आणि नुसत्या क्रिएटिनिनकडे पाहिले तर तो होणार नाही. म्हणून प्रत्येक खेपेला वजन करणे आणि वय लक्षात घेणे अगत्याचे आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. डॉल्युटेग्रॅव्हिर सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत क्रिएटिनिन किंचित वाढते. या औषधामुळे क्रिएटिनिन बाहेर टाकण्याची एक वाट अडते. मूत्रपिंडाला इजा झालेली नसते. एवढ्याशा वाढीने घाबरून गोळी सोडणे चुकीचे ठरेल. लघवीतील प्रथिने तपासून डॉक्टर खरे-खोटे ठरवितात.

हाडे, हृदय आणि स्मरणशक्ती

वयाबरोबर हाडे ठिसूळ होतात. पाळी गेलेल्या स्त्रियांत हे विशेष घडते. टेनोफोव्हिरने हाडांची घनता आणखी थोडी कमी होते. जुन्या स्टॅव्हुडिनमुळे पाय बधिर झालेले असतील तर अंगणातल्या पायरीवर तोल जातो. पूर्वीच्या गोळीत एफाव्हिरेन्झ हे औषध असे. त्याने काहींना चक्कर येई, भलतीसलती स्वप्ने पडत. आता बहुतेकांची ती गोळी बदलली आहे. डॉल्युटेग्रॅव्हिरने कोणाची झोप उडते; अशांनी केंद्रात विचारून गोळी सकाळी घ्यावी. काहींचे वजनही वाढते, त्यावर लक्ष ठेवावे. ऊन, चालणे, दूध, ज्वारी-बाजरी-डाळीचे जेवण, आणि मिश्री-तंबाखू-बिडी सोडणे, हे हाडांना व हृदयाला दोहोंना उपकारक आहे.

हृदयविकाराचा धोका एच.आय.व्ही. बाधितांत इतरांपेक्षा साधारण दीड ते दोन पट असतो. विषाणू दबलेला असला तरी रक्तवाहिन्यांत मंद दाह चालू राहतो. २०२३ साली एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ४० ते ७५ वयाच्या ७,७०० हून अधिक बाधितांवर तो झाला होता. पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराच्या मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी आढळल्या. तेव्हा पन्नाशीपुढील बाधिताने रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल तपासून घेणे आणि असे औषध आपल्याला हवे का हे डॉक्टरांना विचारणे शहाणपणाचे आहे.

विसरभोळेपणाचा विचार सर्वांत शेवटी होतो, पण तो फार महत्त्वाचा आहे. सकाळची गोळी घेतली की नाही हे आठवत नाही, म्हणून आजोबा पुन्हा घेतात किंवा घेतच नाहीत. यावर सोपा उपाय म्हणजे सात कप्प्यांची डबी आणि घरातल्या एकाचे रोजचे लक्ष.

एका गोळीचे दुसरीशी वैर

तरुण बाधिताच्या हाती बहुधा एकच गोळी असते. साठीनंतर तिच्या जोडीला चार-पाच गोळ्या येतात आणि त्या वेगवेगळ्या डॉक्टरांनी दिलेल्या असतात. जिल्हा रुग्णालयातील एआरटी केंद्राला शुगरच्या गोळीचे ठाऊक नसते आणि गावातल्या डॉक्टरला एआरटीचे ठाऊक नसते. खरा घोटाळा येथे होतो. आपल्याकडे नित्य घडणारी काही उदाहरणे देतो.

आम्लपित्तावर घेतले जाणारे पांढरे पातळ औषध किंवा चघळण्याची गोळी यांत ॲल्युमिनियम व मॅग्नेशियम असते. डॉल्युटेग्रॅव्हिर या धातूंना चिकटते आणि रक्तात पुरेसे शोषलेच जात नाही. गोळी रोज घेऊनही अर्धवट घेतल्यासारखे होते. म्हणून एआरटीची गोळी अशा औषधाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हाच नियम लागू आहे. मात्र या दोन गोळ्या जेवणासोबत घ्यावयाच्या असतील तर एआरटीची गोळी त्यांच्याबरोबर चालते.

मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी घरोघरी आहे. डॉल्युटेग्रॅव्हिरमुळे तिचे रक्तातील प्रमाण वाढते. म्हणून दोन्ही औषधे चालू असताना मेटफॉर्मिन दिवसाला १,००० मिलिग्रॅमपेक्षा जास्त देऊ नये असा सल्ला आहे. मूत्रपिंड थकलेले असेल तर त्याहूनही जपावे लागते.

गुडघेदुखी-कंबरदुखीसाठी आपल्याकडे दुकानातून सरळ डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनच्या गोळ्या आणल्या जातात. कापूस वेचणाऱ्या, निंदणी-खुरपणी करणाऱ्या बाया तर त्यांवरच दिवस काढतात. या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. टेनोफोव्हिर चालू असताना त्या रोज घेणे म्हणजे दुहेरी मार आहे. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. पारा चाळिशीपार गेलेला, अंगातले पाणी आटलेले आणि वरून ही गोळी, म्हणजे मूत्रपिंड एकदम बसण्याची भीती असते. दुखणे असह्य असेल तर पॅरासिटामॉलपासून सुरुवात करावी, शेक घ्यावा, डॉक्टरांना दाखवावे आणि पाणी भरपूर प्यावे.

क्षयाच्या उपचारातील रिफॅम्पिसिन हे औषध डॉल्युटेग्रॅव्हिरला शरीरातून लवकर घालवते. म्हणून क्षयाचा उपचार चालू असेपर्यंत डॉल्युटेग्रॅव्हिर बारा तासांच्या अंतराने दिवसातून दोनदा द्यावे लागते. फिट्सवरच्या कार्बामाझेपिन आणि फेनिटोइन या गोळ्यांचाही परिणाम असाच होतो. क्षयाचे किंवा फिट्सचे औषध कोणीही सुरू केले तरी एआरटी केंद्राला त्याच आठवड्यात कळविले पाहिजे.

ज्यांना पहिले औषध लागू पडेनासे झाले, त्यांना दुसऱ्या टप्प्याची औषधे देतात. त्यांत रिटोनाव्हिर असेल तर आणखी सावध राहावे लागते. कोलेस्टेरॉलची सिमव्हास्टॅटिन ही गोळी त्याबरोबर वर्ज्य आहे. गुडघ्यात टोचले जाणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि दम्याच्या पंपातील काही स्टेरॉइडेसुद्धा रिटोनाव्हिरमुळे शरीरात साठून राहतात. तोंड सुजते, साखर वाढते, आणि कारण कोणाला उमगत नाही. तेव्हा इंजेक्शन घेण्यापूर्वी डॉक्टरांना चालू औषधाचे नाव सांगावेच. भस्मे, काढे, गुप्त नुसखे यांत काय घातले आहे हे सांगणारा कोणी नसतो. काहींत धातू असतात. ते एआरटीबरोबर घेऊ नयेत हे बरे.

वर्षावासात आणि पौर्णिमेला आपल्यातील वडीलधारी मंडळी अष्टशील पाळतात, दुपारनंतर जेवत नाहीत. त्यांच्याकडून विचारणा होते की गोळीचे काय करावे. टी.एल.डी.ची गोळी जेवणासह किंवा जेवणाशिवाय चालते. ती नेहमीच्या वेळी पाण्याबरोबर घ्यावी. औषध हे भोजन नव्हे. पण जोडीला इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या असतील तर न जेवल्यास साखर फार उतरू शकते. अशांनी उपवासाआधी डॉक्टरांना विचारावे.

लपविण्याचा परिणाम

आतापर्यंत सांगितलेल्या बहुतेक अडचणींवर डॉक्टरांजवळ उपाय आहे. परंतु तो लागू होण्यासाठी सगळ्या गोळ्या एकाच्या नजरेखाली याव्या लागतात, आणि लोकलज्जेमुळे नेमके तेच होत नाही. बाटलीवरचे लेबल खरडून टाकले जाते, गोळ्या दुसऱ्याच डबीत भरल्या जातात, गावच्या डॉक्टरला सांगितले जात नाही, सुनेला-मुलाला कळू दिले जात नाही. तरुणपणी हे कसेबसे निभावते. म्हातारपणी माय पडून मांडीचे हाड मोडते, दवाखान्यात भरती होते, शुद्ध नीट नसते, आणि गोळी कोठे आहे, कसली आहे हे सांगणारे कोणीच जवळ नसते. आठ-पंधरा दिवस औषध तुटते. टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही कावीळ-बी वरही काम करतात. ज्याला तीही लागण आहे त्याचे यकृत अशा वेळी एकाएकी बिघडू शकते.

गंगाखेड, पालम, सोनपेठ, पाथरी या भागांतून ऊसतोडीला जोडपी जातात आणि घरी म्हातारी माणसे नातवंडांना घेऊन राहतात. त्यांना परभणीला नेणारे कोणी नसते. एक बस चुकली की एक महिना चुकतो. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना एका खेपेस एकापेक्षा अधिक महिन्यांची औषधे देण्याची सोय आहे आणि काही ठिकाणी जवळच्या रुग्णालयात लिंक केंद्रही असते. आपली अडचण समुपदेशकाला मोकळेपणाने सांगावी.

कायदाही बाधितांच्या बाजूने आहे. २०१७ चा एच.आय.व्ही. आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. बाधिताच्या संमतीवाचून त्याची स्थिती उघड करण्यास आणि उपचारात, नोकरीत, घर भाड्याने देण्यात भेदभाव करण्यास तो मनाई करतो. सगळ्या गावाला सांगण्याची गरज नाही. उपचार करणारा डॉक्टर आणि घरातील एक विश्वासू माणूस, एवढ्या दोघांना ठाऊक असले तरी पुष्कळ संकटे टळतील.

काय करावे?

१) एका कागदावर सर्व औषधांची नावे, मात्रा आणि वेळा लिहाव्यात. गोळ्या, इंजेक्शने, पंप, चूर्ण, सगळे. हा कागद प्रत्येक डॉक्टरला दाखवावा.

२) वर्षातून किमान एकदा क्रिएटिनिन, लघवी, साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि रक्तातील विषाणूचे प्रमाण तपासले गेले आहे याची खात्री करावी. प्रत्येक खेपेला वजन करून घ्यावे. मधुमेह-रक्तदाब असणाऱ्यांनी तपासण्या डॉक्टर सांगतील तितक्या लवकर कराव्यात.

३) निवृत्तिवेतनधारक दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला देण्यासाठी बँकेत येतात. आमची सूचना अशी की, त्याच महिन्यात औषधांचा कागद आणि तपासण्यांचे अहवाल पाहण्याचा शिरस्ता ठेवावा. लक्षात राहण्यास सोपे जाते.

४) दुकानातून अंगदुखीची गोळी स्वतः आणू नये. आम्लपित्ताचे औषध आणि एआरटीची गोळी यांत अंतर ठेवावे.

५) उलट्या-जुलाब झाल्यास, लघवी कमी झाल्यास, पायावर सूज आल्यास लगेच केंद्रात दाखवावे. गोळी मात्र स्वतः बंद करू नये.

६) म्हाताऱ्या माणसाचे वजन घटत असेल, ताप-खोकला हटत नसेल, तर वयावर न ढकलता एच.आय.व्ही.ची तपासणीही करावी. सरकारी तपासणी केंद्रात ती मोफत व गुप्त असते. १०९७ या क्रमांकावर मोफत माहिती मिळते.

७) निराधार बाधितांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा आणि ६५ वर्षांनंतर श्रावणबाळ योजनेचा लाभ घेता येतो. तहसील कार्यालयात चौकशी करावी.

विद्यार्थी मित्रांना आमचे विशेष सांगणे आहे. वर दिलेला हिशेब आठवी-नववीच्या मुलालाही येतो. आपल्या घरी किंवा शेजारी जी वडीलधारी माणसे चार-पाच गोळ्या घेतात, त्यांच्याजवळ अर्धा तास बसा. पाकिटांवरची बारीक अक्षरे वाचून त्यांना एक कागद तयार करून द्या. कोणती गोळी कशासाठी हे विचारू नका. नाव आणि वेळ तेवढी लिहा. एखाद्या आजींनी एक पाकीट पदराआड ठेवलेले दिसले तर तेही न बोलता यादीत लिहा, कागद त्यांच्याच हाती द्या आणि बाहेर कोठे त्याची वाच्यता करू नका. ज्यांनी वाईट काळात तग धरून साठी गाठली आहे, त्यांची पुढची वर्षे केवळ एका न सांगितलेल्या गोळीपायी बिघडू नयेत. प्रत्येक सभासदाने आपल्या घरापुरते एवढे केले तरी पुष्कळ होईल.